वाडा, तिचे नाव आणि मताचा हक्क

वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही अमेरिकेतील मटिल्डा जोस्लिन गेज यांच्याविषयी एक छोटे टिपण छापले होते. स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्य वेचलेली आणि नंतर विस्मृतीत गेलेली ही कार्यकर्ती ज्या घरात राहत होती, त्याच घरात आज गावातील लोक तिच्या नावाने व्याख्याने, वाचन आणि चर्चा घडवून आणतात, एवढीच त्या टिपणातील माहिती होती. त्यावर सर्वाधिक पत्रे सोलापूरहून आली. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आपले टिपण वाचून आमच्या वाचक मंडळातील आम्हा आठदहा जणींच्या मनात असे आले, की आपल्याकडेही एखाद्या जुन्या वाड्यात असा कार्यक्रम करावा. पण त्याआधी या गेजबाई कोण होत्या, त्या विसरल्या का गेल्या आणि त्यांच्या घरात नेमके काय केले जाते, हे सविस्तर सांगाल का?
– निवृत्त शिक्षिका, साखर पेठ

उत्तर : मटिल्डा गेज यांचा जन्म २४ मार्च १८२६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सिसेरो या गावी झाला. वडील डॉक्टर होते आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. त्यामुळे घरातील चर्चा ऐकतच ही मुलगी वाढली. १८५२ मध्ये सिरॅक्यूज येथे भरलेल्या स्त्री-हक्क परिषदेत वयाच्या २६ व्या वर्षी त्या पहिल्यांदा व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि तेथून पुढे जवळजवळ ४६ वर्षे त्यांनी हे काम सोडले नाही. लग्नानंतर काही वर्षांनी, १८५४ मध्ये, त्या पतीसह फेएटव्हिल या लहानशा गावात राहावयास आल्या आणि आपण ज्या घराविषयी विचारले आहे, ते हेच घर.

त्यांच्या कामातील दोनतीन प्रसंग सांगितल्याशिवाय त्या घराचे महत्त्व लक्षात येणार नाही. १८७२ च्या निवडणुकीत त्यांच्या चळवळीतील सहकारी सुसान अँथनी यांनी कायद्याला न जुमानता मत दिले आणि त्यांच्यावर खटला भरला गेला, तेव्हा गेज त्यांच्या बाजूने गावोगाव भाषणे देत फिरल्या. खटला अँथनींवर नसून अमेरिकेवरच चालला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ४ जुलै १८७६ रोजी फिलाडेल्फियात स्वातंत्र्याच्या शताब्दीचा सरकारी सोहळा सुरू असताना पाच स्त्रिया निमंत्रण नसताना मंचापर्यंत गेल्या आणि त्यांनी स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा अध्यक्षस्थानी असलेल्या गृहस्थांच्या हाती ठेवला. त्या पाच जणींत गेज होत्या. १८८० मध्ये न्यूयॉर्क राज्याने स्त्रियांना केवळ शाळा समितीच्या निवडणुकीपुरते मत दिले, तेव्हा गेज यांनी आपल्या गावातील स्त्रियांना एकत्र करून त्या निवडणुकीत उतरवले. राष्ट्रीय पातळीवरील नेत्या असूनही आपल्या गावच्या शाळेच्या निवडणुकीला त्यांनी क्षुल्लक मानले नाही, ही गोष्ट मला स्वतःला त्यांच्या मोठ्या भाषणांपेक्षाही महत्त्वाची वाटते.

त्या विसरल्या का गेल्या, या प्रश्नाचे उत्तर थोडे कटू आहे. चळवळीतील दुसऱ्या नेत्या एलिझाबेथ कॅडी स्टँटन आणि सुसान अँथनी यांच्यासह त्यांनी मताधिकार चळवळीच्या इतिहासाचे पहिले तीन खंड सिद्ध केले. म्हणजे चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्या तिघींपैकी एकीलाच पुढे इतिहासाने वगळले. १८९० मध्ये चळवळीतील दोन मोठ्या संघटना एकत्र आल्या, तेव्हा गेज यांनी विरोध केला. मताचा हक्क मिळवण्याच्या घाईत आपण अशा मंडळींशी हातमिळवणी करीत आहोत, की ज्यांना राज्यकारभारात धर्म आणावयाचा आहे, अशी त्यांची भीती होती. त्यांनी वेगळी संघटना काढली आणि १८९३ मध्ये, चर्चने स्त्रियांचे स्थान कसे खालावले, याविषयी ग्रंथ लिहिला. त्यानंतर मुख्य प्रवाहाला त्यांचे नाव अडचणीचे झाले. १८ मार्च १८९८ रोजी त्यांचे निधन झाले; अमेरिकेतील स्त्रियांना राज्यघटनेने मताचा हक्क दिला, तो १९२० मध्ये.

सोलापूर हे सुताचे आणि कापडाचे शहर असल्यामुळे आणखी एक गोष्ट येथे सांगतो. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचे श्रेय एली व्हिटनी या गृहस्थांना दिले जाते. त्या यंत्रामागची कल्पना कॅथरीन ग्रीन या स्त्रीची होती, असे गेज यांनी लिहिले होते. या विशिष्ट दाव्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु स्त्रीने केलेल्या कामाचे श्रेय पुरुषाच्या नावे जमा होण्याची रीत त्यांनी १८७० मध्येच नेमकी हेरली होती. पुढे १९९३ मध्ये विज्ञानाच्या इतिहासाच्या अभ्यासक मार्गारेट रॉसिटर यांनी या रीतीला ‘मटिल्डा परिणाम’ असे नाव दिले.

आता घराविषयी. डॉ. सॅली रोश वॅग्नर या अभ्यासिकेच्या पुढाकाराने २००० मध्ये गेज यांच्या नावाने एक प्रतिष्ठान उभे राहिले आणि २०१० मध्ये ते घर लोकांसाठी खुले झाले. त्या घरातील खोल्या पलंग, आरसे, भांडी मांडून सजवण्याऐवजी एकेका विषयाला दिलेल्या आहेत : एक स्त्री-हक्कांना, एक गुलामगिरीतून निसटून जाणाऱ्यांना दिलेल्या आश्रयाला, एक तेथील हौडेनोसौनी या मूळ रहिवाशांना, कारण त्यांच्या समाजातील स्त्रियांचे स्थान पाहूनच गेज यांचे विचार घडले होते. तेथे व्याख्याने होतात, वाद होतात, शाळकरी मुलींसाठी मानवी हक्कांविषयीचे उपक्रम होतात. आपल्या मंडळाने अनुकरण करावयाचे असेल, तर ते या पद्धतीचे करावे, असे मी आग्रहाने सुचवतो. फोटोला हार घालून, दोन भाषणे करून आणि चहापान करून आपण ज्यांचा सन्मान करतो, त्यांच्याविषयी श्रोत्यांना घरी जाताना आधीपेक्षा अधिक काहीच ठाऊक झालेले नसते. ज्या प्रश्नासाठी ती स्त्री झटली, तो प्रश्न त्या घरात पुन्हा बोलला गेला, तर तो तिचा सन्मान.

प्रश्न : आम्हाला शाळेत असे शिकवले, की भारतीय स्त्रियांना संविधानाने पहिल्याच दिवशी मताचा हक्क दिला आणि त्यासाठी कोणाला झगडावे लागले नाही. मग आपल्याकडे अशी ‘विसरलेली कार्यकर्ती’ शोधावयाची तरी कोठे?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : आपल्याला शिकवले ते अर्धे खरे आहे. सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना समान मताधिकार संविधानाने दिला, हे निर्विवाद. परंतु त्याआधी किमान ३० वर्षे या देशातील स्त्रिया हा हक्क मागत होत्या, निवेदने देत होत्या आणि नकार ऐकत होत्या. आणि त्यातील मोठा वाटा आपल्या मुंबई प्रांताचा होता, ज्यात सोलापूर जिल्हाही येत असे.

डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे एक शिष्टमंडळ मद्रास येथे ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले आणि येऊ घातलेल्या सुधारणांत स्त्रियांनाही मत द्यावे, अशी मागणी त्यांनी केली. त्यानंतर मताधिकाराचा विचार करण्यासाठी लॉर्ड साउथबरो यांची समिती नेमली गेली. समितीने देशभर फिरून असा निष्कर्ष काढला, की येथील समाज सनातनी आहे, पडद्याची चाल आहे, तेव्हा स्त्रियांना मत देण्याची वेळ अजून आलेली नाही. यावर मुंबईच्या स्त्रियांनी जे केले, ते प्रत्येक मराठी विद्यार्थिनीला ठाऊक असावयास हवे. त्यांनी हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठान यांना १९१९ मध्ये थेट लंडनला पाठवले. मिठान त्या वेळी जेमतेम २१ वर्षांच्या होत्या. मायलेकींनी पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली आणि त्यानंतर इंग्लंडमधील निरनिराळ्या शहरांत सभा घेऊन तेथील स्त्रियांचा पाठिंबा मिळवला.

हेराबाईंचे घर राजकारण्याचे नव्हते. त्यांचे पती कापडगिरणीत नोकरी करीत. १९११ मध्ये काश्मीरला सहलीस गेल्या असताना त्यांची गाठ राजकन्या सोफिया दुलीपसिंग यांच्याशी पडली. सोफिया यांच्या पोशाखावर ‘स्त्रियांना मत द्या’ अशा अर्थाचा बिल्ला होता आणि त्यावरून निघालेल्या बोलण्यातून हेराबाई या चळवळीकडे वळल्या. मिठान (लग्नानंतरच्या मिठान लाम) पुढे बॅरिस्टर झाल्या, मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री-बॅरिस्टर ठरल्या, १९४७ मध्ये मुंबईच्या शेरीफ झाल्या आणि १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. तरीही आज महाराष्ट्रात किती जणांना मिठान लाम हे नाव माहीत आहे? आणि हेराबाईंचे तर त्याहूनही कमी.

१९१९ च्या कायद्याने स्त्रियांना थेट मत दिले नाही. तो निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला. तेव्हा लढाई लंडनहून मुंबईत आली आणि येथे तिचे नेतृत्व रमाबाई रानडे यांच्याकडे आले. रमाबाई आपल्याला न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून ठाऊक असतात, त्यांच्या आठवणींच्या पुस्तकामुळे ठाऊक असतात, १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनामुळे ठाऊक असतात. सोलापूरकरांना तर सेवासदन हे नाव शाळेमुळे पिढ्यान् पिढ्या परिचयाचे आहे. परंतु १९२०च्या सुमारास पुणे नगरपालिकेने सक्तीचे शिक्षण आधी फक्त मुलांना द्यावे, मुलींचे नंतर पाहू, अशी भूमिका पुढे आली, तेव्हा या बाईंनी स्त्रियांचा मोर्चा रस्त्यावर आणला होता आणि पाठोपाठ मुंबई प्रांतातील मताधिकाराची मोहीम चालवली होती, हे सांगणारे फारच थोडे. १९२१ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाने स्त्रियांच्या मतावरील बंदी उठवली. मद्रासनेही त्याच वर्षी हा निर्णय केला होता. संयुक्त प्रांत, बंगाल, पंजाब यांनी नंतर केला.

येथे एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. १९२१ मध्ये मिळालेले मत मालमत्तेच्या अटीवर होते. घर, जमीन किंवा कर ज्यांच्या नावे, त्यांनाच मत. आणि त्या काळी कितीशा स्त्रियांच्या नावे काही असे? गिरणीत राबणारी, शेतात खुरपणारी, विड्या वळणारी स्त्री त्या यादीत कोठेच नव्हती. १९३५ च्या कायद्याने मतदार स्त्रियांची संख्या सुमारे ६० लाखांपर्यंत गेली, तरी ती देशातील स्त्रियांच्या मानाने थोडीच होती. म्हणून रमाबाईंचा किंवा हेराबाईंचा गौरव करताना त्यांनी उघडलेले दार अरुंद होते, हेही त्याच सभेत सांगावे. त्याने त्यांचे मोठेपण उणे होत नाही. नंतर संविधानाने ते दार सर्वांसाठी उघडले, त्याचे मोल मात्र नीट कळते.

प्रश्न : शुक्रवार पेठेत आमचा जुना वाडा आहे. माझ्या आजेसासूबाई स्त्रियांच्या सह्या गोळा करून मुंबईला पाठवीत, त्यांच्या ढेलजेत बायकांच्या सभा भरत, असे घरात सांगितले जाते. एका पेटीत काही पत्रे, एक वही आणि छापील पत्रके आहेत. आम्हाला वाड्याच्या दारावर संगमरवरी पाटी लावावयाची आहे आणि तेथेच कार्यक्रम करावयाचा आहे. पाटीवर ‘स्त्री-मताधिकार चळवळीतील अग्रणी’ असे लिहावे का?
– एक वाडामालक

उत्तर : आपल्या पेटीविषयी वाचून आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. पाटी आत्ता लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातील आठवण मोलाची असते, परंतु तीन पिढ्यांत ती वाढते, आटते, एका बाईचे काम दुसरीच्या नावे जाते. संगमरवरात कोरलेले चूक निघाले, तर पुढचा अभ्यासक त्या बाईंच्या खऱ्या कामावरही विश्वास ठेवणार नाही. सध्या कापडी फलक करावा आणि त्यावर ‘कुटुंबातील आठवणीनुसार’ एवढे शब्द आवर्जून घालावेत.

आधी पेटीतील कागद वाचून घ्या. सह्या कशासाठी होत्या, हे पत्रकावर छापलेले असेल. सह्या मताधिकारासाठी असतील, मुलींच्या शाळेसाठी असतील, दारूबंदीसाठी असतील. प्रत्येक काम मोठेच आहे, पण वेगळे आहे. वहीत तारखा असतील, तर त्या १९१८ ते १९२१ या काळातील आहेत का, ते पाहा, कारण मुंबई प्रांतातील मोहीम त्याच वर्षांत जोरात होती. तारखेखाली केवळ तिथी आणि शके असेल, तर जुने पंचांग काढून ती इंग्रजी तारखेशी जुळवून घ्या. पत्राचे पाकीट टाकून दिलेले नसेल, तर पोस्टाचा शिक्का वाचा. वहीत आलेली नावे शहरातील इतर नोंदींशी पडताळा : हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथसंग्रहातील वृत्तपत्रांच्या फायली, नगरपालिकेची जुनी इतिवृत्ते, शाळांचे वार्षिक अहवाल. आणि घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला आठवण विचारताना ‘त्या मताधिकारासाठी लढल्या ना?’ असे न विचारता ‘ढेलजेत बायका जमत, तेव्हा काय चाले?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला होकार मिळतो, दुसऱ्याला माहिती मिळते.

कागदांची निगा हा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. कृपा करून एकही कागद लॅमिनेट करू नका. उष्णता आणि प्लास्टिक यांनी कागद कायमचा अडकून पडतो, आणि आतून पिवळा पडू लागला, तर बाहेर काढता येत नाही. फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांनी पट्टी गळून पडते आणि तिचा तेलकट डाग शाईसह राहतो. टाचण्या गंजलेल्या असतील, तर ओढून न काढता, कागद सपाट ठेवून, सावकाश सोडवा. प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी, खिडकीतील सौम्य उजेडात, फ्लॅश न वापरता छायाचित्र घ्या. मूळ कागद स्वच्छ सुती कापडाच्या रुमालात बांधून ठेवा. जुनी दप्तरे अशीच टिकली आहेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत काय ताप होतो, ते आपणांस मी सांगावयास नको. पेटी भिंतीतल्या थंड कोनाड्यात असेल तर उत्तम. माळवदाखाली, जेथे पावसाळ्यात ओल उतरते, तेथे मात्र नको. कार्यक्रमात मूळ पत्रे हातोहात फिरवू नयेत, छायाप्रती फिरवाव्यात.

वाड्याविषयी थोडेच, पण महत्त्वाचे. लाकडी तुळया वाळवीने खाल्लेल्या असतील, तर वरून ते दिसत नाही. माणसे जमवण्याआधी जाणकार अभियंत्याकडून तपासणी करून घ्या, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आलेली असेल, तर कार्यक्रम शेजारच्या मोकळ्या जागेत घ्या, आणि काही झाले तरी माळवदावर व वरच्या सोप्यात गर्दी होऊ देऊ नका. चौकात सतरंज्या अंथरून बसणे सर्वांत सुरक्षित, आणि बोललेलेही तेथे सर्वांना ऐकू येते.

जुने घर स्मारक म्हणून जपणे सोलापूरला नवे नाही. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे भैय्या चौकातील घर महापालिकेने स्मारक म्हणून जतन केले आहे. ते एकदा सर्व कुटुंबीयांनी मिळून पाहून या. घराचे घरपण न बिघडवता त्यात माहिती कशी मांडता येते, हे तेथे डोळ्यांनी दिसेल.

प्रश्न : आमचे महिला मंडळ दरवर्षी संक्रांतीनंतर हळदीकुंकू करते. या वर्षी त्याच दिवशी रमाबाई रानडे यांच्या मताधिकाराच्या कामाचा कार्यक्रम जोडावा, असे ठरत आहे. तारीख आणि स्वरूप सुचवावे.
– महिला मंडळाच्या कार्यवाह, मुरारजी पेठ

उत्तर : तारीख तर जणू ठरूनच आलेली आहे. रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी सध्याच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे झाला. २५ जानेवारी हाच निवडणूक आयोगाचा स्थापनादिन असून २०११ पासून तो राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळा आणि कचेऱ्यांत मतदानाची शपथ घेतली जाते. महाराष्ट्रात त्या शपथेसोबत रमाबाईंचे नाव घेतले जावे, असे मला फार दिवसांपासून वाटते. त्या सुमारास सोलापुरात गड्ड्याची यात्राही असते, शहरात माणसांची ये-जा असते, त्यामुळे श्रोतेही मिळतील.

स्वरूपाविषयी मात्र मला एक गोष्ट मनापासून सांगावयाची आहे. रमाबाईंनी सेवासदन चालवले, मुलींच्या शिक्षणासाठी मोर्चा काढला, मताधिकाराची मोहीम चालवली, ती सर्व वैधव्यात. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये वारले आणि रमाबाई १९२४ मध्ये. त्यांच्या सार्वजनिक कामाचा मोठा भाग या २३ वर्षांतला आहे. रूढ पद्धतीचे हळदीकुंकू आपण त्यांच्या नावाने केले, तर त्या समारंभात खुद्द रमाबाईंनाच कुंकवाचे बोट लावले गेले नसते. त्यांच्या नावाच्या कार्यक्रमात एखादी विधवा भगिनी दाराशी घुटमळली, तर तो त्यांचा अपमानच म्हणावा लागेल. अनेक गावांत आता विधवा भगिनींनाही बरोबरीने हळदीकुंकवाचा मान दिला जातो. आपल्या मंडळाने तसे ठरवावे आणि निमंत्रणपत्रिकेत ते स्वच्छ शब्दांत छापावे, म्हणजे कोणालाही येऊन अवघडल्यासारखे होणार नाही. आणि मंडळात त्यावर एकमत होत नसेल, तर त्या दिवशी हळदीकुंकू न ठेवता केवळ तिळगूळ ठेवावा. तिळगूळ देताना कोणी कोणाचे सौभाग्य पाहत नाही.

कार्यक्रमात भाषण एकच असावे, तेही अर्ध्या तासाचे. उरलेला वेळ वाचनाला द्यावा. रमाबाईंच्या आठवणींतील उतारा, १९१९ मध्ये स्त्रियांना मत का नाकारले गेले त्याची कारणे, संविधानाचे प्रौढ मताधिकाराविषयीचे कलम ३२६, असे तीनचार मजकूर मोठ्याने वाचले जावेत. सोलापुरात मराठीइतकीच कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरे आहेत. एकेक उतारा त्या त्या भाषेतही वाचला गेला, तर सभेत मागे बसलेल्या बायका पुढे सरकतील. वाचणाऱ्यांत नुकतेच १८ वर्षे पूर्ण झालेली, पहिल्यांदा मत देणार असलेली मुलगी अवश्य असावी. आणि महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, तेव्हा आपल्या प्रभागातील माजी किंवा आजी नगरसेविकेला बोलवावे. मात्र सत्कारासाठी न बोलवता प्रश्न विचारण्यासाठी बोलवावे. निर्णय तुम्ही घेता की तुमच्या नावावर दुसरे कोणी घेते, हा प्रश्न सभ्य शब्दांत विचारता येतो आणि तो विचारला गेला पाहिजे.

प्रश्न : आमच्या वस्तीत बहुतेक घरांत विड्या वळल्या जातात. वाडे आणि त्यांतील थोर बायका हे सगळे पेठांतले. आमच्या बायकांचा या इतिहासाशी काय संबंध?
– एक तरुण वाचक, विडी घरकुल

उत्तर : संबंध थेट आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदारयाद्या तयार होत असताना असंख्य स्त्रियांनी गणनेस आलेल्या माणसाला स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारण्यास नकार दिला. परिणामी जवळजवळ ८ कोटी मतदार स्त्रियांपैकी सुमारे २८ लाखांची नावे यादीत येऊ शकली नाहीत. ही अडचण प्रामुख्याने उत्तरेकडील राज्यांत आली. सेन यांचा निर्णय त्या स्त्रियांवर त्या वेळेपुरता अन्यायाचा ठरला, हे खरे. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांपैकी बहुतेकींची नावे त्यांच्या स्वतःच्या नावाने यादीत आली आणि त्यामुळे तो निर्णय योग्य होता, असे माझे मत आहे.

आपल्या वस्तीतील स्त्रीला मालमत्तेच्या अटीमुळे १९२१ मध्ये मत नव्हते, १९३७ च्या निवडणुकीतही बहुधा नव्हते. ते मिळाले संविधानाने. म्हणजे मताधिकाराच्या इतिहासातील सर्वांत मोठे पाऊल तिच्या घरात पडले आहे, आणि त्याची नोंद कोणीच केलेली नाही. मांडीवर सूप घेऊन, भिजवलेल्या तेंदूपानावर पत्र्याचा साचा ठेवून कात्री चालवीत बसलेल्या आजींना विचारा : पहिले मत केव्हा दिले, घरातून कोणाबरोबर गेलात, कोणाला द्यावयाचे हे कोणी सांगितले का, बोटाला शाई लावताना काय वाटले, त्या दिवशीची मजुरी बुडाली का? प्रश्न त्यांच्या भाषेत, तेलुगूत किंवा कन्नडमध्ये विचारा, उत्तरे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, आरंभी त्यांची परवानगी आणि त्यांचे स्वतःचे पूर्ण नाव त्यांच्याच तोंडून घ्या. वस्तीतील समाजमंदिरात किंवा एखाद्या अंगणात ही मुद्रणे सर्वांना ऐकवा. त्यासाठी वाड्याची गरज नाही.

हे काम या वर्षीच हाती घ्यावे. त्या काळी मतदानाचे वय २१ होते, म्हणजे पहिल्या निवडणुकीत मत दिलेल्या स्त्रिया आज नव्वदी ओलांडून गेलेल्या आहेत. आपल्या मुद्रणांपैकी दोनतीन लिहून काढून आमच्याकडे पाठवाल, तर मूळ भाषेतील वाक्यांसह आणि मराठी अनुवादासह आम्ही ती छापू.